मापाची खुर्ची

सकाळी अंघोळ करून आत्या काठी टेकत खोलीत आली, तर खिडकीपाशी तिची खुर्ची नव्हती.

आधी तिला वाटलं, झाडताना कुणीतरी सरकवली असेल. पलंगापलीकडे पाहिलं, दाराआड पाहिलं. खुर्ची म्हणजे काही सुई नव्हे, सांडून जायला. चांगली भक्कम लाकडी, दोन्ही बाजूंना हात असलेली, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात ही एवढीच जागा होती, जिथे आत्या कुणाचा हात न धरता बसायची आणि कुणाचा हात न धरता उठायची. सकाळची प्रार्थनाही तिथेच. खिडकीतलं ऊन मांडीवर येईपर्यंत डोळे मिटून बसायचं आणि तोवर कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, असा तिचा नेम. घरात कितीही आदळआपट चालू असली तरी तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

आज ती पलंगाच्या कडेवर टेकली. पलंग बुटका. डोळे मिटले, पण मन काही जागेवर येईना. शेवटी तिने मनातल्या मनात म्हटलं, ‘देवा, आज जरा घाईत उरकते, राग धरू नकोस,’ आणि उठायला गेली. उठताच येईना. अर्धी वर, अर्धी खाली अशी अवस्था झाली तेव्हा वहिनीला हाक मारावी लागली.

वहिनी कणकेचा हात घेऊनच धावत आली. काखेत कोपर घालून तिने नणंदेला उभं केलं.

“वहिनी, माझी खुर्ची?”

“कुठली?”

“या घरात माझी अशी एकच आहे.”

“हां, ती होय!” वहिनी ॲप्रनला हात पुसायला लागली. “ती पॉलिशला दिली, वन्सं. किती कळकट झाली होती.”

खोटं बोलायची वेळ आली की वहिनीला हात पुसावेसे वाटतात, हे आत्याला वहिनी या घरात आली त्या वर्षापासून ठाऊक होतं.

चहाच्या टेबलाशी सूनबाई बँकेत जायच्या घाईत होती. तिला विचारलं, तर ती डबा भरता भरता म्हणाली, “पाय डुगडुगत होता ना तिचा, आत्या? दुरुस्तीला टाकलीय. चार दिवसांत येईल.”

“आणि पॉलिश?”

“पॉलिश? हो, म्हणजे... पॉलिशपण.”

दादाला विचारण्यात तर अर्थच नव्हता. त्याने वर्तमानपत्रातून डोकंही न काढता विचारलं, “खुर्ची? कसली खुर्ची?”

पासष्टी उलटलेल्या बहिणीला अजून ‘छोटी’ म्हणणारा, रोज तिच्या ताटातलं ताक स्वतःच्या हाताने ओतणारा हा भाऊ. त्याला तिची खुर्ची माहीत नसावी!

आत्या खोलीत परतली आणि तिने दोन दिवसांपूर्वी कानावर पडलेलं बोलणं पुन्हा एकदा मनात उलगडून पाहिलं.

गाडी घ्यायचं चाललंय, हे काही घरात गुपित नव्हतं. जुनी गाडी अगदी जमिनीला टेकलेली. हॉस्पिटलमधून आत्याला घरी आणलं त्या दिवशी तिला त्या गाडीतून बाहेर काढताना जो प्रकार झाला, त्याची आठवणसुद्धा कुणी काढत नसे. दादाचा मुलगा बाळ पुढून ओढत होता, दादा मागून ढकलत होता, वहिनी दोघांनाही ओरडत होती, आणि कधी ‘आई गं’ न म्हणणारी आत्या भर रस्त्यात रडली होती. “आता मी कुठे जायची नाही,” असं तिने त्याच दिवशी जाहीर केलं. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. दुकानातही नाही. आणि दुकान म्हणजे तिचा जीव. वडिलांनी उघडलेलं कपडे शिवायचं दुकान. गल्ल्यावर दादा, मशीनवर कारागीर, आणि कटिंगच्या टेबलाशी आत्या. कोट असो, शाळेचे गणवेश असोत, कापडावर पहिली कात्री तिची. आता तिच्या जागी चिमी उभी राहत होती, दादाची धाकटी, आणि रोज संध्याकाळी येऊन आत्याला दिवसभराचं सगळं सांगत होती. आत्या ऐकायची आणि रात्री कूस बदलायची.

तर त्या दिवशी व्हरांड्यात बाप-लेक आणि चिमी बोलत होते. बाळची पसंती ठरलेली. डोक्यावरचे केस गेले तरी घरात तो बाळच. त्याला ती रुबाबदार एसयूव्ही हवी होती, फार थोराड नाही, फार छोटी नाही, आतून लेदरच्या सीटा, वर उघडणारं काचेचं छत.

“कोरी घेण्याची आपली ऐपत नाही,” तो म्हणाला होता, “पण वापरलेली मिळते बाबा. ठणठणीत.”

“पण बाळदादा, तिच्यात पाचच माणसं बसतात,” चिमी म्हणाली.

“पाच पुरेत.”

“पुरेत,” आत्याचा दादाही म्हणाला. “मी सांगतो ना, पाच पुरेत.”

घरात माणसं सहा. दादा, वहिनी, बाळ, सूनबाई, चिमी. आत्याने बोटांवर मोजायचं कारण नव्हतं. आणि गेल्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला होता. “तळमजल्यावरची खोली मोकळी केलीय मी. जिना नाही, काही नाही. ये ना इकडे कायमची.” तो फोन दादाने घेतला होता. काय उत्तर दिलं ते आत्याला कुणी सांगितलं नाही.

आता खुर्ची गेली. म्हणजे सामान पुढे रवाना व्हायला लागलं.

आत्याला राग आला नाही. राग यायला माणसं वाईट असावी लागतात. ही माणसं वाईट नव्हती. तिच्या औषधांच्या वेळा सूनबाईच्या फोनमध्ये वाजत, तिचे पाय वहिनी रोज तेलाने चोळत असे. थकली असतील. सांगायला जीभ रेटत नसेल. मग आपणच सोपं करावं, असं तिने ठरवलं.

त्या संध्याकाळी चिमी आली तेव्हा आत्याने कपाटातून फडक्यात गुंडाळलेली मोठी कात्री काढली आणि तिच्या हातात दिली.

“ही घे. आता टेबल तुझं.”

चिमी कात्रीकडे पाहतच राहिली. या कात्रीला लहानपणी हात लावला म्हणून तिने धपाटा खाल्ला होता. “मला कशाला? माझी आहे की.”

“तुझी कात्री जाड कापडावर घसरते. परवा तूच सांगत होतीस.”

“मग घसरू दे.” चिमीचा आवाज चिरका झाला. “आत्या, ही ठेव जागेवर. रविवारपर्यंत काही बोलू नकोस, प्लीज.” आणि ती कात्री पलंगावर ठेवून पळालीच. बाहेर जाऊन ती कुणाशी तरी भराभरा कुजबुजली. दादाचा आवाज आला, “रविवारी म्हणजे रविवारी. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही.”

म्हणजे रविवारी. आत्याने कात्री पुन्हा गुंडाळली आणि साड्यांच्या घड्या नीट लावून ठेवल्या.

रविवारी सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला.

“आली!” बाळ चप्पल न घालताच धावला.

गडद निळ्या रंगाची गाडी रस्त्याच्या कडेला थांबली होती आणि तिच्यातून जुन्या गाड्यांचा व्यापारी उतरत होता. अंगाने भरलेला, शर्टाच्या खिशाला पेन, अत्तराचा घमघमाट. त्याने पहिल्याच वाक्याला सुरुवात केली, “बघा साहेब, धुऊन पुसून आणलीय. पहिलाच मालक. डॉक्टरांची गाडी.”

“तुमच्याकडच्या सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या,” चिमी गाडीखाली वाकून तेल गळतंय का ते बघत म्हणाली. “हे डॉक्टर पेशंट कधी बघतात?”

“ताई, ही खरंच डॉक्टरांची. दातांच्या.”

“मग तर आणखीच खरी वाटत नाही.”

बाळ बॉनेटवरून हात फिरवत होता, गोठ्यात आलेल्या वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. सूनबाईने आत डोकं घालून सगळी बटणं दाबून पाहिली. मागची काच खाली गेली, वर आली, छत उघडलं, मिटलं. वहिनीला रंग आवडला नव्हता. “उन्हात किती तापेल ही. फिकट नव्हती का?” दादाने मात्र गाडीच्या बाकी कशाकडेच लक्ष दिलं नाही. पुढचं दार उघडून तो सीटच्या शिवणीवर नख फिरवत होता.

“टाके एकसारखे आहेत,” त्याने निकाल दिला. “दोरा बरा वापरलाय.”

“बाबा, इंजिन बघा ना!”

“इंजिनातलं मला काय कळतं? मला जे कळतं ते मी बघतो.”

आत्या पायरीवर काठी धरून उभी होती. तिने चेहऱ्यावर हसू आणलं होतं आणि ते टिकवायचं तिने मनाशी ठरवलं होतं.

“छान आहे हो गाडी,” ती म्हणाली. “शोभेल तुम्हाला.”

“बसून बघ ना आत्या.” चिमीने येऊन तिचा हात धरला.

“मी कशाला? तुम्ही बसा. पाच जणं बरोबर मावाल.”

बाळने सूनबाईकडे पाहिलं, सूनबाईने वहिनीकडे, आणि वहिनी कोरडे हात पुसायला लागली. दादाच काय तो बोलला.

“छोटी, बस म्हटलं ना. माझ्यासाठी बस.”

आज कुणाचं मन मोडायचं नव्हतं. आत्या एकेक पायरी उतरून गाडीपाशी आली. हॉस्पिटलमधल्या मुलीने शिकवलं होतं तशी दाराकडे पाठ केली, काठी चिमीकडे दिली, मागे हात नेऊन सीट चाचपली आणि बसायला म्हणून अंग सोडलं. मधला तो भीतीचा क्षण यायचा होता. अंग एकदम खाली जातं, खुब्यात कळ उठते आणि आता कुणी धरलं नाही तर आपण जाणार, असं वाटतं, तो.

तो आलाच नाही. ती बसली होती.

तिला काही कळेना. तिने हात टेकले आणि उठून पाहिलं. उठता आलं. पुन्हा बसली. आता पाय आत घेतले, एक, मग दुसरा. चिमी काठी छातीशी धरून उभी होती. दादाने चष्मा काढून शर्टाला पुसला.

“झालं?” व्यापाऱ्याने टाळी वाजवली. “चला मग, एक चक्कर मारून येऊ. मी चालवतो. मागे तिघं बसा आरामात, कोण येतंय?”

आणि इथे या घराची जुनी खोड उफाळून आली.

“आई, तू बस,” बाळ म्हणाला. “मी काय, रोज चालवणारच आहे.”

“मी? माझं दूध गॅसवर आहे. सूनबाई, तू जा.”

“नाही नाही, बाबांना बसू दे. बाबा अजून बसलेच नाहीत.”

“मला गाडी लागते,” ज्याला जन्मात कधी गाडी लागली नव्हती तो दादा म्हणाला. “चिमे, तू जा. तुला त्यातलं कळतं.”

“मी बाहेर थांबून धूर बघते. काळा आहे का पांढरा ते आतून कसं दिसणार?”

“अगं मग मी बघतो धूर!”

“तुम्हाला काय कळतंय धुरातलं!”

तू बस, तुम्ही बसा, असं रस्त्यावर उभं राहून बराच वेळ चाललं. मागचं दार बाळने उघडलं, वहिनीने लावलं, सूनबाईने पुन्हा उघडलं. या घरात शेवटचं बिस्किट बशीत मऊ पडतं, ते याच कारणाने. शेवटी व्यापाऱ्याने सुस्कारा सोडला, चिमीकडची काठी आत्याच्या हातात दिली, स्वतः जाऊन दार लावलं, आत बसला आणि गाडी सुरू केली. आरशात आत्याला दिसलं, पाचही जण रस्त्यात उभे होते आणि अजून एकमेकांशी वाद घालत होते.

गाडी अगदी अलगद चालत होती. खड्डा आला तरी खुब्याला कळत नव्हतं.

“बाई, एक विचारू?” व्यापारी म्हणाला. “ती खुर्ची तुमचीच ना?”

आत्या वळली. “कुठली खुर्ची?”

“आता डिकीत आहे ती. लाकडी, हातांची.”

आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

“इतकी वर्षं गाड्या विकतोय मी,” तो रंगात येऊन म्हणाला. “गिऱ्हाईक येतं ते टायरला लाथ मारतं, बॉनेट उघडून उगाच आत बघतं. तुमची माणसं आली ती खुर्ची डोक्यावर घेऊन. खरं सांगतो. तुमच्या त्या भाच्याच्या डोक्यावर खुर्ची. एकेका गाडीचं दार उघडायचं, शेजारी खुर्ची ठेवायची आणि तुमचे बंधू जमिनीवर गुडघे टेकून टेप लावून बसायचे. जमिनीपासून खुर्ची किती, जमिनीपासून सीट किती. सीट खोल किती. माझ्याकडची पोरं हसायला लागली. दुसऱ्या व्यापाऱ्यांकडेही असेच गेले होते म्हणे, तिथेही हसले. शेवटी मी म्हटलं, साहेब, हे काय चाललंय? तर मला म्हणाले, ही मापाची खुर्ची आहे.”

आत्याने हात मांडीवर घट्ट धरले.

मापाचा कपडा. दुकानात हा शब्द तिचाच. आजारी गिऱ्हाईक, अंथरुणाला खिळलेलं माणूस, किंवा नुसतं लाजणारं. त्याला दुकानात आणू नका, असं ती घरच्यांना सांगायची. माणसाला टेप लावला की ते श्वास धरतं, पोट आत घेतं, नको तेवढं ताठ उभं राहतं, आणि माप खोटं येतं. त्यापेक्षा त्याच्या अंगावर जो जुना कपडा नीट बसतो, तो आणा. मी त्याच्यावरून कापते. दादाला हे तिने शिकवलं होतं, बाळला शिकवलं होतं, चिमीला तर अगदी अलीकडे. आणि तिचाच मापाचा कपडा उचलून नेला तेव्हा तो तिला ओळखू आला नव्हता. साड्यांच्या घड्या लावून बसली होती ती!

“मला सांगायचं की मग,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“मीही तेच म्हटलं. म्हटलं, त्या बाईंनाच घेऊन या. तर तुमची भाची म्हणाली, तिला आणलं तर कुठलीही गाडी असली तरी ‘छान आहे’ म्हणेल ती, दुखलं तरी सांगायची नाही.”

आत्याने सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

“पण तिच्यात पाचच माणसं बसतात,” ती हळूच म्हणाली. “आम्ही सहा आहोत.”

व्यापारी एवढ्या मोठ्याने हसला, की बाजूचा सायकलवाला वळून बघायला लागला.

“तेही सांगतो. मी त्यांना सात सीटांची दाखवत होतो. ती उंच पडली, खुर्चीला जुळेना. जुळली ती ही. म्हटलं, साहेब, हिच्यात पाचच. झालं. तुमच्या बंधूंनी मला बाजूला घेतलं, म्हणाले, मला धरू नका, मी जुन्या गाडीने जाईन, मला तिची सवय आहे. ते गेले तर वहिनीबाई आल्या. म्हणाल्या, मी कुठे जाते हो, मला मोजूच नका. मग भाचा. त्याची मोटारसायकल आहे म्हणे. एवढी आवडलीय त्याला ही गाडी, आणि म्हणतो मला धरू नका! सूनबाई बसने जाणार. ती धाकटी चालत जाणार, तिला व्यायाम हवाय. प्रत्येकजण गुपचूप, दुसऱ्याला कळू न देता. मी मनात वजाबाकी केली बाई, तर गाडीत बसणारं एकच माणूस शिल्लक राहिलं.”

आत्याने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर रविवारचा रस्ता मोकळा होता, आणि तो तिला नीट दिसत नव्हता. ‘देवा,’ तिने मनात म्हटलं, ‘मी यांना काय काय समजले.’ व्यापाऱ्याने शहाणपणा केला आणि रेडिओ लावला.

“घरी वळू?” चौक आल्यावर त्याने विचारलं.

आत्याने डोळे पुसले. “नको. डावीकडे घ्या. मग सरळ, चष्म्याच्या दुकानापर्यंत. त्याच्या शेजारचं शटर आमचं.”

दुकान रविवारचं बंद होतं. दुसरी किल्ली आत्याच्या कमरेला खोचलेल्या पाकिटात नेहमी असे. घरी बसल्यापासूनही तिने ती काढून ठेवली नव्हती. गाडी थांबली. व्यापारी दार उघडायला वळसा घालून येईपर्यंत ती स्वतःच खाली उतरून उभी होती.

“शटर तेवढं उचला,” ती म्हणाली. “आणि डिकीतली माझी खुर्ची आत आणा.”

आतला तो कोऱ्या कापडाचा आणि गरम इस्त्रीचा वास. आत्या दारातच जराशी थांबली. मग टेबलाशी गेली. हे टेबल तिच्या वडिलांचं. त्याला खिळा मारायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती. बाळने एकदा ते काढून नवीन टेबल आणायचा विषय काढला होता, तर दादा त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता. त्या अबोल्यात घराचं काय काय बिनसलं, ते सगळ्यांना अजून आठवत होतं. टेबलावर चिमीने कोटाचं कापड आखून ठेवलं होतं. आत्याने खडूच्या रेषांवरून बोट फिरवलं. बाही बरी होती. कोपऱ्यात मात्र कापड उगाच वाया जात होतं, तिथे सहज एक खिसा निघाला असता.

पण वाकल्यावर कंबर बोलायला लागली. तिने खुर्ची टेबलाशी ओढायला लावली आणि बसली. खुर्ची तीच, ओळखीची, मायाळू. टेबल मात्र थेट तिच्या हनुवटीशी आलं. इतकी वर्षं ती या टेबलाशी उभी राहिली होती. बसून ते कधी पाहिलंच नव्हतं. ताटापर्यंत हात न पोहोचणाऱ्या मुलासारखी ती तिथे बसून राहिली, आणि मघाचा सगळा हुरूप हळूहळू खाली बसला. गाडी जुळली. पुढे काय?

बाहेर व्यापारी फोनवर सांगत होता, “अहो, काळजी करू नका. तुमच्या बहिणीनेच गाडी पळवलीय. मला घेऊन.”

थोड्याच वेळात जुनी गाडी धापा टाकत आली आणि तिच्यातून माणसं निघायला लागली. आधी बाळ, मग मागून चिमी, मग सूनबाई. वहिनी अडकली, तिला दोघांनी ओढून काढलं. शेवटी चष्मा वाकडा झालेला दादा.

“छोटी! अगं, न सांगता...”

“पाच जणं बरोबर मावलात की,” आत्या टेबलाआडून म्हणाली.

टेबलावर तिचा नुसता चेहराच दिसत होता. चिमीला हसू आवरेना. वहिनी मात्र खुर्चीकडे बघून दचकली.

“वहिनी,” आत्या गोड आवाजात म्हणाली, “पॉलिशला दिली होतीस ना ही? दुकानदाराने फसवलं हो तुला. जराही चमकत नाही.”

“वन्सं, तुम्ही पण ना!” वहिनी हसली आणि तिचे डोळे भरून आले. “मी यांना सांगत होते, वन्संना संशय येईल. पण ऐकतील तर! म्हणे, तिला आधी सांगितलं तर ती म्हणेल माझ्यासाठी गाडी नको.”

“म्हणालीच असते.”

“धाकटीचा फोन आला तेव्हा पण हे तिच्यावर केवढे ओरडले. म्हणे, माझ्या बहिणीला पळवायला बघतेस? ती रडायला लागली बिचारी. मग मलाच फोन करून तिची समजूत काढावी लागली.”

आत्याने भावाकडे पाहिलं. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

बाळ दारातच उभा होता, एक हात बाहेर गाडीच्या आरशावर. शेवटी त्याला राहवलं नाही. “आत्या, मग? गाडी कशी आहे?”

व्यापाऱ्याने खिशातलं पेन काढून हातात घेतलं.

आत्याने सावकाश उत्तर दिलं, गिऱ्हाइकाला ट्रायल देताना द्यायची तसं. “बसायला उत्तम. सीट अर्धं बोट उंच आहे.”

“मला ठाऊक आहे,” दादा चटकन म्हणाला. “खुर्चीवर तू अनवाणी बसतेस. गाडीत चप्पल असणार. मी चपलेचं अर्धं बोट धरलंय.”

एवढं मन लावून तिचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं.

“घे रे बाळा,” ती म्हणाली. “पण एक अट. यापुढे मला धरू नका, मला धरू नका, असं या गाडीच्या दाराशी कुणी म्हणायचं नाही. पाळीपाळीने बसायचं. उरेल त्याने जुन्या गाडीतून मागून यायचं. उगाच दूध गॅसवर नको आणि धूर बघायला नको.”

पाचही जणांनी एकमेकांकडे चोरट्यासारखं पाहिलं. मग नजरा व्यापाऱ्याकडे वळल्या. तो छताकडे बघायला लागला.

“आणि ही खुर्ची?” सूनबाईने विचारलं. “घरी न्यायची ना?”

“घरी कशाला? मी काय आता संध्याकाळचीच असणार घरी.” हे बोलून आत्याची नजर टेबलाच्या कडेवर गेली आणि तिचा आवाज जरा खाली आला. “तशी, इथेही काही उपयोग नाही म्हणा तिचा. हात पोहोचत नाहीत. आठवड्यातून एखादवेळी येईन नुसती. चिमीला सांगत बसेन.”

बाळने तोंड उघडलं आणि बापाकडे बघून मिटलं. त्या टेबलाबद्दल या दुकानात शब्द काढायची सोय नव्हती.

दादा टेबलापाशी आला. वडिलांच्या हाताने घासून घासून गोल झालेल्या कडेवरून त्याने तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खाली वाकून पाय बघितले.

“कापू,” तो म्हणाला.

“बाबा?” बाळला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“चारही पाय कापू. सुताराला उद्याच बोलवतो.”

“अरे दादा, नको! वडिलांचं टेबल...”

“वडील गेले. तू आहेस.”

“मग मी काय करू?” चिमी कळवळून म्हणाली, पण ती हसत होती. “मी दिवसभर ओणवी होऊन कापू?”

“तू माझ्या शेजारी खुर्ची घे,” आत्या म्हणाली. “आणि तो कोपरा आधी पुस. तिथे खिसा निघतो.”

दादा चष्मा सारखा करत एका डोळ्याने अंदाज घेत टेबलाच्या पायावर बोटाने खूण करत होता, एवढा कापला की झालं, असं पुटपुटत.

आत्या खुर्चीत ताठ बसली. नंतर तिच्या लक्षात आलं, आपण श्वास धरलाय. तिने तो सोडला, खांदे सैल केले, दोन्ही हात हवेत कापायला धरावेत तसे पुढे ठेवले.

“अंदाजाने नको, दादा,” ती म्हणाली. “टेप काढ. आधी माप घे.”